जाळीच्या दारातला बुलबुल

ऊन असं पडलेलं त्या दिवशी, की वळगावातली कुत्रीसुद्धा गोडावनच्या ट्रकांखाली शिरलेली, वाऱ्याचं नाव न्हाय, आणि आमच्या घराचं पुढचं दार बंद! का? तर बुलबुलामुळे... तुम्हाला सांगतो, लाकडी दाराबाहेर आमचं जाळीचं दार हाय, त्याच्यावर सुनेने प्लास्टिकच्या फुलांचं तोरण बांधलेलं, आणि त्या फुलांत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं, गावातल्या कापडाच्या लूमवरून उडालेल्या सुताचं, अर्धं जाळीला, अर्धं चौकटीला. म्हंजे दार उघडलं की घरटं फाटलं! आत पिल्लं. मग उघडणार कोण?

मुलगा मनोज बोलला, "आबा, काठीने खाली घेतो." मी बोललो, "घे. आधी तुझी खोली पाड." काठी परत कोपऱ्यात गेली.

आता जायचं-यायचं कुठून? मागल्या दाराने. पण मागे गोडावनची भिंत, बाजूला पण भिंत, राहिलं शेजारच्या ठकुबाईचं घर. तिच्या पुढच्या दाराने शिरायचं, तिच्या चुलीपाशी चपला हातात घ्यायच्या, आणि तिच्या मागल्या दारातून आमच्या रांधणीत, म्हंजे स्वयंपाकघरात, निघायचं. दूधवाला तसाच, गॅसवाला तसाच, सिलिंडर खांद्यावर घेऊन विचारतो, "चाचा, ये कैसा रास्ता है?" पिल्लांना पंख फुटायला वेळ लागतो, माणसांना कसली घाई?

आणि नेमकी त्याच वेळी कशेळीची माणसं यायची होती, माझ्या नातीला बघायला, मृणालीला! मुलगा गुणी, नोकरीवाला, मला तर हे जुळायलाच हवं होतं, त्याच्यासाठी नवं धोतर काढलेलं मी... मनोज ओरडतोय, "पाव्हण्यांना काय शेजारणीच्या चुलीवरून आणायचं?" मी बोललो, "चुलीवरून न्हाय रे, बाजूने."

आले पाव्हणे. मी त्यांना ठकुबाईच्या दारात शिरवलं आणि मृणालीला तयार राहा सांगायला पुढे गेलो. आता माझी चाल ही अशी, गुडघे आपल्या मर्जीने चालतात... तेवढ्यात ठकुबाई बिचारी बोलली, "उन्हातून आलात, बसा." बसले! तिची मोठी नात दिपाली पाणी घेऊन आली. आता तुम्हीच सांगा, मुलगी बघायला गेलेल्या घरात पाणी घेऊन येते ती कोण असते? मुलाचा बाप केसरीनाथ विचारतो, "नाव काय गो पोरी? जवळा-वांगी येतात करायला?" ती बोलली, "येतात." येतात तर येतात, खोटं कशाला बोलेल?

मी परत येतो तर केसरीनाथ मांडीवर थाप मारतोय, "बाळारामशेठ, पोरगी पसंत!"

मी बोललो, "ही आमची न्हाय. आमची पलीकडच्या घरात हाय, साडी नेसून."

केसरीनाथचा हात मांडीवरच राहिला. मग तो मुलगा खाली बघून हळूच बोलला, "असू दे... हीच चालेल." आणि दिपाली? रिकामे पेले घेऊन आत जायचं सोडून उभीच! लाजतेय! मी आपला नव्या धोतराचा सोगा सारखा केला.

पलीकडून मृणालीची हाक, "आबा, साडी सोडू काय?" मी बोललो, "सोड बाय." सोडली न्हाय. साडीतच बसून पाव्हण्यांची सगळी भजी खाल्लीन तिने, मला एक दिली न्हाय.

दिपालीचा साखरपुडा झाला. आमची पिल्लं उडाली. काल म्हटलं आता तरी दार उघडू, थोडा वारा घेऊ, म्हणून स्टुलावर चढलो, तोरणाला हात घातला, तर ठकुबाई पदर खोचून धावत आली, "भावजी, घरट्याला हात लावाल तर बघा! माझी धाकटी नात अजून बाकी हाय."