डाकबंगल्यातलं भूत

आयुष्यात एकच खोटं मी ठामपणे बोललो, ते सांगतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. निलंग्याजवळच्या ओस डाकबंगल्यात भूत आहे म्हणून दोन मित्रांबरोबर दोनदा पाहायला गेलो आणि त्यांच्याबरोबर दोनदा पळालो. पीएच.डी. झालेला प्राध्यापक मी, लाज वाटली. तिसऱ्यांदा भर दुपारी एकटाच शिरलो. या वेळी वळलो नाही.

मागच्या विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती.

"एकलेच आलाव का, सर?"

"हो. भूत कुठंय?"

"आमीच उठवलंय की ते. आमच्या वस्तीला एवढंच पानी हाय. गावाला कळलं तर चार दिवसांत हीर कोरडी. आता काय सांगणार तुमी?"

संध्याकाळी मित्रांनी विचारलं, "दिसलं का काही?"

"दिसलं," मी म्हणालो. "तुम्हा दोघांची नावं विचारत होतं."