बिनगाड्यांचा रस्ता

(नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातल्या घराचं स्वयंपाकघर, शनिवारची सकाळ. शलाकाने नुकताच फोन ठेवला आहे. टेबलाशी तिचा नवरा ऋषभ, उजवा हात गळ्यात बांधलेला; शेजारी पुण्याहून आलेले तिचे वडील, हरिहर.)

शलाका: आता गाय कुठल्या रंगाची होती, ते एकदा दोघांनी मिळून ठरवा.

ऋषभ: कुठली गाय?

शलाका: आडवी आली आणि तुझं कॉलरबोन मोडलं, ती. तू फ्रान्सहून फोनवर पांढरी म्हणालास. बाबा काल शेजारच्या मृदुलाला तांबडी म्हणाले.

हरिहर: ऊन फार होतं गं. उन्हात पांढऱ्या गाईवर जराशी तांबूस झाक येते.

शलाका: बाबा, आत्ता ग्रोनिंगनहून एका बाईंचा फोन होता. आमच्या कॅरॅव्हॅनवर मागून येऊन आदळला तो सायकलवाला आता बरा आहे का, म्हणून विचारत होत्या. गाईचं त्यांना काहीच माहीत नाही.

ऋषभ: त्यांना तुझा नंबर कुणी दिला?

शलाका: तूच. इन्शुरन्सच्या कागदावर घरचा नंबर म्हणून. आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, त्या भारतीय पोलिसांनाही नमस्कार सांगा.

हरिहर: पोलीस म्हणाल्या? नक्की?

शलाका: नक्की.

हरिहर: बघ. अंगावर गणवेश नसताना.

शलाका: बाबा, खूश होऊ नका. काय झालं ते सांगा. पहिल्यापासून.

ऋषभ: मी सांगतो. फ्रान्समधलं मोर्वां मी मुद्दाम निवडलं होतं, तुला माहितीये. टेकड्या, जंगल, लहान लहान गावं. वेबसाइटवर स्वच्छ लिहिलेलं, गाड्या नसलेले रस्ते. तूच म्हणालीस, आयुष्यभर ट्रॅफिक ब्रँचमध्ये धूर खाल्लाय बाबांनी, त्यांना जरा शांतता मिळू दे.

हरिहर: शांतता मिळाली. मला वाटलं, कान गेले.

ऋषभ: आणि हे प्रत्येक स्टॉपच्या पाटीला थांबायचे. ऐन जंगलात! सायकलवरून उतरून, उजवीकडे बघून, डावीकडे बघून, मग पुढे.

हरिहर: पाटी ती पाटी. शलाका, तुला सांगतो, रस्ता असा की पोटातलं पाणी हलणार नाही. मध्ये पांढरा पट्टा, वळणावर आरसा. आणि माणूस नाही. दुपारपर्यंत एक टपालाची व्हॅन गेली, तीही मला हात करून. मांडव घालून ठेवलाय आणि वऱ्हाडच आलेलं नाही, असं वाटत होतं मला सारखं.

शलाका: तुम्हाला चढ झेपले?

हरिहर: मला काय होतंय? माझी सायकल बॅटरीवाली. याचीच काळजी वाटत होती. वर पोचून मी सफरचंद खायचो, सालांची पुडी बांधून ठेवायचो, तरी हा आपला खाली वळणावर.

ऋषभ: मी रोज ऑफिसला सायकलने जातो, बाबा!

शलाका: बेस्ट ते आइंडहोवन. त्यात चढ एकच, रेल्वेखालच्या बोगद्यातून वर यायचा.

ऋषभ: हसून घे.

शलाका: हसत नाहीये. आणि बाबा, हे अरेतुरे कधीपासून? आठ वर्षं तर 'ऋषभराव, आपण जेवलात का' याच्या पुढे गाडी गेली नव्हती तुमची.

हरिहर: ते अँब्युलन्समध्ये सुरू झालं. सुई बघून हा पांढराफटक पडला. तिथे काय 'अहो ऋषभराव, हात पुढे करता का' म्हणत बसू? 'गप पड रे' म्हणालो. आणि पडला गप.

ऋषभ: ते मधलं राहिलं, बाबा. पुलाचं.

हरिहर: ते तू सांग.

ऋषभ: मी नंतर आलो. तुम्ही सांगा.

हरिहर: बरं. तर मोठा उतार. उताराच्या पायथ्याशी वळण आणि वळणाला लागूनच दगडी पूल. एका वेळी एकच वाहन जाईल एवढा. मी घटनास्थळी पोचलो तेव्हा अलीकडे या ग्रोनिंगनच्या बाई, गाडीला मागे कॅरॅव्हॅन, ते चाकांवरचं घर, लावलेली. पलीकडे गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रॅक्टर. समोरासमोर.

शलाका: आणि भांडत होते?

हरिहर: नाही.

शलाका: हॉर्न वाजवत होते?

हरिहर: छे! ट्रॅक्टरवाला हसून हात करत होता, आधी तुम्ही या म्हणून.

शलाका: म्हणजे त्यांचं त्यांचं जमलं होतं.

हरिहर: जमत आलं होतं.

शलाका: मग तुम्ही काय केलंत?

हरिहर: दोघांना थांबवलं.

शलाका: कसं?

हरिहर: सायकल कठड्याला लावली, पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो, शिट्टी मारली, हात वर केला.

शलाका: शिट्टी कुठून आणलीत?

हरिहर: किल्ल्यांना असते माझ्या. दोघेही जागच्या जागी थांबले. फार शिस्तीचे लोक. मग ट्रॅक्टरच्या मागे पाववाल्याची गाडी आली, तीही थांबली. तिच्यामागे आणखी एक कोणी. एकानेही विचारलं नाही की बाबा रे, तू कोण आणि आम्ही का थांबलोय.

शलाका: मग सोडलंत कधी?

हरिहर: सोडायचं राहिलंच. तेवढ्यात हा आला.

ऋषभ: आलो म्हणजे काय, सुसाट आलो! अख्ख्या ट्रिपमधला पहिला मोठा उतार, म्हटलं होऊन जाऊ दे. समोर काही येणारच नाही, गॅरंटी होती. वळलो आणि डोळ्यांसमोर कॅरॅव्हॅनची पाठ. मला एवढंच आठवतं की तिच्या काचेत एक कुंडी होती. सगळ्या मोर्वांमध्ये एक ट्रॅफिक जॅम, शलाका, आणि तो माझ्या सासऱ्यांनी लावलेला.

शलाका: आणि मला गाय सांगितलीत.

ऋषभ: गाय माझी आयडिया. म्हटलं, तू बाबांवर ओरडशील.

हरिहर: मी याला तेव्हाच म्हणालो, रंग ठरवून घे. खोटा जबाब पाठ करावा लागतो. तर म्हणतो, रंग कोण विचारतंय.

शलाका: इथल्या डॉक्टरला काय सांगितलं?

ऋषभ: त्यांनाही गाय. त्यांनी पॅरासिटामॉल दिली. खरं सांगितलं असतं तरी तीच दिली असती.

शलाका: पण बाबा, का? त्यांचं जमलं होतं. तुम्हाला दिसत होतं की जमलंय. मग हात का वर केलात?

हरिहर: ऋषभ, सांगू का रे?

ऋषभ: सांगा. आता काय राहिलंय?

हरिहर: मला विचार करायचा होता.

शलाका: पुलावर?

हरिहर: त्याआधी वर, चढ संपला तिथे, याने मला एक गोष्ट विचारली. धापा टाकत. 'बाबा. शलाका. म्हणते. तुम्ही. इथेच. राहा.' मला पहिल्यांदा वाटलं, पाणी मागतोय. बाटली पुढे केली मी.

शलाका: ऋषभ! तू चढावर विचारलंस?

ऋषभ: तूच म्हणालीस ना, छानसा देखावा बघून विषय काढ. देखावा तिथे होता.

शलाका: देखावा बघ म्हणाले होते, श्वासही बघायचा होता.

हरिहर: त्याच्यावर चिडू नकोस. त्याने सांगितलं सगळं. हे घर खालच्या खोलीसाठी घेतलंत, मला जिना नको म्हणून. तिथे बाथरूमला धरायला दांडासुद्धा लावून घेतलास. मी सायकलवर बसलो आणि उताराला लागलो. डोकं नुसतं भणभणत होतं. आणि समोर तो पूल.

शलाका: मग?

हरिहर: मला बसून विचार करता येत नाही, शलाका. सवयच नाही. तुझ्या आईच्या ऑपरेशनला हो म्हणायचं की नाही, ते मी चौकात पॉइंटवर उभं राहून ठरवलं. तुला एवढ्या लांब शिकायला पाठवायचं, तेही तिथेच. हात वर केला, चारी बाजूंनी सगळं थांबलं, की मला माझं काय ते ऐकू येतं. इथे महिनाभर झाला, सगळे आपले आपण चाललेत. कुणाला थांबवायची सोयच नाही.

ऋषभ: हे मला नव्हतं सांगितलं तुम्ही.

हरिहर: सांगितलं होतं. तुला सुई टोचत होते तेव्हा.

शलाका: मग ठरलं का काही? त्या पुलावर?

हरिहर: ठरत आलं होतं. तेवढ्यात धाडकन आवाज झाला.

शलाका: हे सगळं तुम्ही मला का नाही सांगितलंत, बाबा? घरी येऊन आठवडा झाला.

हरिहर: आणि तू मला का नाही विचारलंस? ज्याच्याशी माझं धड बोलणं नाही, त्याला सायकलवर बसवून डोंगरात पाठवलंस.

शलाका: मला वाटलं, मी विचारलं तर तुम्हाला नाही म्हणणं जड जाईल.

हरिहर: खरं सांग.

शलाका: ...तुम्ही नाही म्हणाल, म्हणून.

हरिहर: हं.

शलाका: तिथे एकटे काय करणार आहात तुम्ही? आई नाही, ड्यूटी नाही. दूध आणायचं तर रस्ता ओलांडता येत नाही पुण्यात.

हरिहर: ओलांडतो की. पाव तास लागतो. दोघं-तिघं शिव्या घालतात, मी एकदोघांना परत घालतो. पलीकडे पोचलो की दिवसाचं काहीतरी काम झाल्यासारखं वाटतं. इथे बटण दाबतो, हिरवा माणूस लागतो, सगळे थांबतात, मी जातो. कुणाला माझा रागसुद्धा येत नाही.

ऋषभ: बाबा, मला येतो. खांदा दुखला की येतो.

हरिहर: म्हणून तर तुझ्याशी जमलं.

शलाका: मी आता विचारते. नीट विचारते.

हरिहर: विचार.

शलाका: बाबा, तुम्ही आमच्याकडे राहाल? कायमचे?

हरिहर: नाही, बाळा.

शलाका: ...बरं.

ऋषभ: एवढंच? अहो, मग हे तिथे चढावरच सांगायचं होतंत! माझं हाड वाचलं असतं.

हरिहर: अरे, तिला नाही म्हणायचं, तर तिच्याकडे बघून म्हणायला नको?