पेचकस कानाला

लातूरच्या स्टँडवर निलंग्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या उज्वलाच्या मागं दोन म्हातारे बोलत होते.

"जिलानीभाई, बॅटरीची कार आली म्हनं तुमच्या गॅरेजात?"

"आली ना, अण्णाराव. सवयीनं पेचकसाचं टोक मोटरीला टेकवलं, मूठ कानाला लावली."

"आवाजावरनंच तर बिघाड सांगता तुम्ही!"

"आवाजच न्हाई! मालकाला म्हनलं, चालू करा. तो म्हनला, कवाचीच चालू हाय."

"अरारारा! मग आता तुमच्या कानाला काय काम?"

उज्वलानं नकळत मान वळवली.

"तसाच उभा राहिलो. वर लिंबात साळुंक्या बोलत होत्या. चाळीस वर्सं त्याच झाडाखाली इंजिनं खोलली, अण्णाराव. काल पहिल्यांदा ऐकल्या."