अध्यक्षांची माफी

शारजातल्या दातांच्या दवाखान्यात सिद्धार्थ गाल धरून बसला होता. मागच्या बाकावर एक लेक वडिलांना झापत होती.

"बाबा, दोनशे माणसांच्या ग्रुपवर तुम्ही मंडळाच्या अध्यक्षांना डफर लिहिलंत?"

"ऑगस्टात, भर दुपारी, वाळवंटात सहल नेणाऱ्याला आमच्या वेळी डफरच म्हणायचे."

"इथे व्हॉट्सॲपवर अपमान केला तर पोलीस केस होते! संध्याकाळपर्यंत माफी हवीय त्यांना. शुक्रवारी तुमचं फ्लाइट आहे. एअरपोर्टवर अडवलं म्हणजे?"

"अगं, डफर हा अपमान नाही. निदान आहे."

"बाबा! यल्ला, चला पटकन, माफी लिहा."

"लिहितो. ओरडू नकोस. लोक दातदुखी विसरून ऐकतायत."

सिद्धार्थने घाईघाईने छताकडे पाहिलं.

"झालं. वाच."

"'ढवळीकरसाहेब, आपल्याला डफर म्हटलं, माफी असावी. डफराला काहीच कळत नसतं. आपण तर सगळं नीट कळून ही सहल ठरवलीत.' बाबा, हे पाठवायचं नाही हं!"

"पाठवलं."

"अरे देवा! आता काय करू मी तुमचं? सत्तरी उलटली, तरी... थांबा, उत्तर आलं."

"काय म्हणतोय?"

"'धन्यवाद काका. माझ्या नियोजनाची कुणीतरी कदर केली. डोळे भरून आले. आपल्याकडून विषय खलास.' आणि खाली गुलाबाची दोन फुलं."

सिद्धार्थने गाल धरूनच हसू दाबलं.

"बाबा."

"काय?"

"तुमचा शब्द बरोबर होता. पण आता तो फोन इकडे द्या."