मशीन म्हणतं, सरांना विचारा

...नाही, पण मला सांगा, पैज घ्यायची काही गरज होती का? क्लासातला प्रितेश म्हणाला, "लव्या, दम आसा तर रोनाल्ड सरांचो मेनू बदलून दाखव," आणि मी, म्हणजे हा तुमच्यासमोर उभा असलेला अतिशहाणा, मी म्हणालो, "उद्या सकाळी बघ." अरे, उद्या कशाला, परवा म्हण, गणपतीनंतर म्हण... पण नाही, मागे रिया उभी होती ना!

मेनू म्हणजे हॉटेलातला नव्हे हां. तुम्हाला सांगतो, आमच्या देवगडात रोनाल्ड सरांनी कॉम्प्युटर क्लास काढलाय. कॉम्प्युटर एकच, तो पण मुंबईच्या कुठल्यातरी हापिसानं म्हातारा झाला म्हणून काढून टाकलेला. आधी चालू केला की काळा पडदा आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकायची, बस. मग सर गोव्याला बहिणीकडे गेले आणि येताना फ्लॉपीतून एक प्रोग्राम घेऊन आले, आपल्याला पाहिजे तसा मेनू त्यात बनवायचा. निळी चौकट, पिवळी अक्षरं, वर क्लासचं नाव, खाली एक नंबर पत्र, दोन नंबर टायपिंग, तीन नंबर हिशेब आणि चार नंबर गेम. पाहिजे त्याला पासवर्ड लावायचा. सरांनी कशाला लावला? गेमला आणि मेनू बदलायला. दुसऱ्या कशाला लावणार! आणि पासवर्ड चुकला की मशीन ट्वांऽऽय करून केकाटायचं, लाल पट्टी यायची, आणि त्या पट्टीत सरांनी स्वतःच्या हातानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलेलं... 'आगाऊपणा नको. सरांना विचारा.'

तर पैज. संध्याकाळी वही विसरल्याचं नाटक करून मी परत क्लासात शिरलो. सर बाहेर पडवीत चहा पीत होते. मी बसलो. सरांच्या बायकोचं नाव घातलं, सिल्व्हिया. ट्वांय. कुत्र्याचं घातलं. ट्वांय. सर बाहेरून म्हणाले, "कोण रे तो?" मी म्हणालो, "वही, सर, वही," आणि पळालो. एवढंच. देवाशपथ एवढंच केलं मी, पुढचं ऐका आणि मग तुम्हीच बोला.

सकाळी क्लासात जातो तर मशीनला सगळी गर्दी चिकटलेली. मेनूच नाही! चालू केल्या केल्या दारातच पासवर्ड. पत्र नाही, टायपिंग नाही, हिशेब नाही, आख्खं दुकान बंद. प्रितेशनं माझ्याकडे वळून बघितलं आणि काय म्हणाला? "लव्या... तू खरोच बापूस रे." आणि रिया, जिनं आजपर्यंत माझ्याकडे बघितलं ते फक्त खोडरबर मागायला, ती पण बघायला लागली. आता अशा वेळी खरं बोलणारा माणूस तुम्ही कुठे बघितलाय का? मी नुसता केसांतून हात फिरवला. झालं, फिरलेल्या हातानं सगळं कबूल केलं.

सर आले. सरांनी एक पासवर्ड घातला. ट्वांय. दुसरा घातला. ट्वांय. आणि आता चित्र बघा तुम्ही, सर स्वतः खुर्चीत बसलेत, चष्मा नाकावर, आणि त्यांचंच मशीन त्यांनाच सांगतंय, आगाऊपणा नको, सरांना विचारा. कोणी हसलं नाही. म्हणजे मी हसलो. सर म्हणाले, "लवू, हे तू केलंस?" मी म्हणालो, "असेल." "पासवर्ड सांग." आता कुठून सांगू? माझ्याकडे असला तर सांगू ना! पण रिया बघतेय... मी म्हणालो, "ते नाही सांगणार, सर." आणि गंमत म्हणजे सर चिडलेच नाहीत. रुमाल काढला, घाम पुसला, म्हणाले, "बरं. म्हणजे तूच केलंस तर." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. डोक्यात हवा शिरली की कान बंद होतात माझे.

मग भानगड समजली. शुक्रवारी मुंबईहून साहेब येणार, क्लास तपासणार, मशीन चाललं तर मान्यता, सर्टिफिकेट, फोटो. नाही चाललं तर क्लासला टाळं. आणि क्लासला टाळं म्हणजे मी कुठे? होडीवर. आमच्या बाबांनी, गणपत तांडेल त्यांचं नाव, बंदरावर कोणालाही विचारा, त्यांनी मी दहावीत आपटलो त्याच दिवशी सांगून टाकलेलं, "क्लास गेलो की तू होडयेर." आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी घराण्यातला मी, आणि मला होडी लागते. चालू नव्हे हां... किनाऱ्याला बांधलेली होडी लागते! गेल्या नारळी पुनवेला पूजेच्या होडीत नुसता बसलो आणि नारळाच्या आधी मीच पोटातलं सगळं दर्याला अर्पण केलं.

बाबा आले क्लासात. सगळ्यांसमोर कान पिळला, "कित्याक केलंस रे ह्या? सांग तो पासवर्ड." पण तिथून बाबा बंदरावर गेले आणि काय सांगत सुटले माहीत आहे? प्रितेशनं कानानं ऐकलंय. "माझ्या झिलान अख्खो कॉम्प्युटर बंद पाडल्यान. त्या मास्तराक पण उघडूक येना नाय." असा ऊर फुगवून! आजपर्यंत बाबा माझं नाव घेऊन फक्त ओरडले होते, आता माझं नाव घेऊन लोकांना चहा पाजतायत. आता सांगा, अशा बापाला जाऊन, बाबा, मी काहीच केलं नाही, असं सांगायचं?

म्हटलं, केलं नाही तर नाही, पण उघडून तर दाखवतो. सायकल काढली, बर्फाच्या फॅक्टरीत गेलो, तिथं नेल्सन कॉम्प्युटरवर बसतो. त्याला सगळं सांगितलं. तो हसून हसून खुर्चीतून खाली. म्हणाला, "येड्या, पासवर्ड कित्याक होयो? मशीनीक चालू करूच्या आधी ही फ्लॉपी भरव. मग ता फ्लॉपीच वाचीत बसतला, आतल्या मेनूक विचारूचा पण नाय." घ्या! म्हणजे पुढच्या दाराला एवढं मोठं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. मी विचारलं, सरांकडे नाही का असली फ्लॉपी? तर म्हणाला, होती, पण खाऱ्या हवेनं तिला बुरशी आली.

आता शहाण्या पोरानं काय केलं असतं? गपचूप जाऊन उघडलं असतं. पण मग बघणार कोण? मी म्हटलं, शुक्रवारी. साहेबांसमोर, बाबांसमोर, रियासमोर. इथेच माझं चुकलं. माणसानं कामं करावीत, नाटकातले प्रवेश करू नयेत.

शुक्रवारी जातो तर क्लासात कॉम्प्युटरसमोर केळीचं पान. पानावर नारळ. बाबांनी बाबलीकाकांना बोलावलेलं, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं तेच घालतात, नवी होडी असो की हरवलेली म्हैस. साहेब एका कोपऱ्यात टाय सावरत उभे. मी म्हणालो, "काका, थांबा, मी उघडतो." काका म्हणाले, "तू गप. तू बंद करून झालंस ना?" घ्या उत्तर! मी हळूच खाली वाकलो, फ्लॉपी सरकवली, बटण दाबलं. आणि काकांनी सुरू केलं...

"बा देवा म्हाराजाऽ! ह्या तुझ्या लेकरांनी ज्या काय कॉम्प्युटर म्हणान मशीन आणल्यानी, त्याची वाचा आज बंद आसा!" "व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले, साहेब पण ओरडले. फ्लॉपी कुरकुरतेय, कुर्र... कुर्र... "ज्या कोणी ह्येका पासवर्ड घातल्यान, तो ल्हान आसो, मोठो आसो, आमच्यातलो आसो नायतर किरिस्तावांतलो आसो, त्याका बुद्धी दे आणि खऱ्याक वाट दे!" "व्हय म्हाराजा!" आणि माझं लक्ष गेलं. सगळे ओरडले, सर नाही. सरांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला आणि तोंड घट्ट मिटलेलं.

नारळ फुटला. त्याच क्षणाला, अगदी त्याच क्षणाला, पडदा उजळला. मी दोन बटणं दाबली, पत्राचा प्रोग्राम उघडून समोर! बाबलीकाका पाया पडले. बाबा पाया पडले. मी ओरडतोय, "अरे मी, मी उघडलं, ही बघा फ्लॉपी," तर बाबा म्हणाले, "देवासमोर खोटा बोला नको." साहेबांनी खोबरं खाल्लं, मशीन तपासलं, मान्यतेवर सही केली.

आणि तेव्हा सर पुढे आले. चष्मा काढून हातात धरलेला. म्हणाले, "गणपतराव, पोराला बोल लावू नका. त्या संध्याकाळी तो पासवर्ड शोधत होता, ते मला कळलं. मी घाबरून सगळ्यालाच नवा पासवर्ड घातला, असा कठीण की कोणाला सुचणार नाही... मलाही नाही सुचला परत. मग हा म्हणाला, मी केलं. मला बरंच वाटलं. मी गप्प बसलो. चूक माझी."

म्हणजे बघा तुम्ही. एवढे दिवस ते बिचारं मशीन बोंबलून बोंबलून सांगत होतं, सरांना विचारा, सरांना विचारा. विचारलं कोणी?

बाबा माझ्याकडे वळले. कान पिळला असता तरी चाललं असतं. म्हणाले, "म्हणजे बंद तू करूक नाय?" "नाय." "आणि उघडल्यान नारळान." "नाय बाबा, ता मीच..." "मगे इतको खर्च करून तू क्लासात शिकलंस काय?"

आता मी काय सांगणार? म्हटलं, "सरांना विचारा."

क्लास वाचला, पण मी उद्या पहाटे होडीवर आहे. कोणाकडे लिंबू असेल तर ठेवून जा.