सातव्या महिन्यातला पैलवान

कुसुमताई बहिणीचा डबा मांडीवर धरून दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी बसलेलं म्हातारं जोडपं, कळमेश्वरचे चंपतराव आणि प्रयागबाई, समोरच्या बाळांच्या खोलीच्या काचेतून सातव्या महिन्यातच जन्मलेल्या नातवाकडे पाहत होतं.

चंपतराव म्हणाले, “पाह्यलं? टाचेत सुई टोचली, तरी रडला नाही. पैलवान हाय. माह्यावर गेला.”

“मले त्याचीच भीती वाटून राहिली. त्याले दुखलेलं समजत नसंन तं?”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“सिस्टर, आमचा नातू काहून नाही रडला?”

“रडायला जोर लागतो, आजी. तेवढा अजून नाही त्याच्यात. पण कपाळाला आठ्या पडल्या, डोळे गच्च मिटले, बोटं पसरली. तेच त्याचं रडणं.”

“म्हणजे दुखलं ना त्याले?”

“चांगलंच दुखलं.”

“बरं झालं माय.”

“बरं काय झालं वं? पैलवान गेला ना माहा.”

“आजोबा, सुनेला रक्त लागलंच तर तुमचं जुळतं का पाहू. बोट द्या.”

सुई टोचली. चंपतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या, डोळे गच्च मिटले, दुसऱ्या हाताची पाचही बोटं पसरली. तोंडातून आवाज नाही.

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला.

“सिस्टर,” प्रयागबाई म्हणाल्या, “हेही सातव्या महिन्यातलेच दिसून राहिले.”