पोटभर टाके

काल नवऱ्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली आणि डॉक्टरांनी पोट उघडून ती जोडली. बाई अतिदक्षता विभागाबाहेर बसल्या होत्या. शेजारी दोन म्हातारे व्याही भांडत होते.

“फुटली दोघांचीही तीच. पण मला जांघेतून आत नळी बसवली. आठवड्यात घरी!”

“आणि माझं पोट छातीपासून खालपर्यंत उसवलं. महिनाभर खाटेवर. जन्मभर शिंपीकाम केलं, पण इतकी पक्की शिवण पाहिली नाही.”

“म्हणजे जिंकलो मीच.”

“कसले जिंकता? नळी सरकली का, ते बघायला दरवर्षी इथे यावं लागतं तुम्हाला.”

“मग तुम्ही कशाला येता?”

“तुम्ही घाबरता म्हणून. गेल्या वर्षी माझा हात दाबून काळानिळा केलात.”

“हळू बोला हो, लोक ऐकताहेत.”

बाईंना राहवेना. “पोट उघडलं त्याला किती वर्षं झाली, काका?”

“सात. आता नातवाच्या मागे पळतो.”

“खोटं! नातू थांबतो यांच्यासाठी.”

बाईंनी नवऱ्याच्या चपलांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“केवढा आहे हो नातू?”

दोघे एकदमच सांगायला लागले.